अक्कांच्या सिनेमातली बाई

धुळ्यात आमच्या अक्कांशी बोलायचं तर आधी उन्हाकडे तोंड करून उभं राहावं लागे. दूधवाला असो की मामलेदार, अक्का त्याला कोपराला धरून खिडकीकडे वळवत आणि म्हणत, "हं, आता उजेडात बोला." एकदा त्यांना ताप आला, तर तपासायला आलेले डॉक्टरही डोळे मिचकावत नाडी धरून बसले होते. समोरच्याचा चेहरा नीट दिसल्याशिवाय त्याचं म्हणणं अक्कांना पटतच नसे.

अक्कांचा फोटो स्टुडिओ होता आणि वरच्या खोलीत मी, पोस्टातला कारकून, भाड्याने राहत होतो. साल पासष्टच्या आसपासचं. नवरा वारल्यावर लोकांना वाटलं, बाई आता दुकानाला कुलूप लावणार. अक्का निघाल्या सिनेमा काढायला. धरणावरच्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याच्याकडून त्यांनी चावीचा कॅमेरा मिळवला होता. एकदा चावी दिली की अर्धं मिनिट चाले. आमच्या भागात बाईने सिनेमा काढल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बाप्यांनी तरी कुठे काढला होता म्हणा, पण हसं झालं ते अक्कांचं.

गोष्ट साधी होती. गिरणाकाठच्या एका बाईचा एक दिवस. त्यासाठी आम्ही भडगावजवळ अक्कांच्या आजोळी गेलो. नायिका गावातलीच, सोनाबाई. चेहरा असा देखणा की अक्का तिला तासभर वेगवेगळ्या उन्हात उभी करून पाहत राहिल्या. पितळी परात धरून तिच्यावर ऊन पाडायचं काम माझं. जन्मभर शिक्के मारणारा माणूस मी, पण परात हातात आली की छाती फुगायची.

घोटाळा झाला तो नायक आल्यावर. त्याला पाहताच सोनाबाईने पदर हनुवटीपर्यंत ओढला. तो तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर निघाला. दुसरा नायक आणला, तो चुलत जेठ. तिसरा नात्याने सासरा. शेवटी अक्कांनी नायकालाच गोष्टीतून रजा दिली, तरी पदर काही वर जाईना, कारण शूटिंग बघायला सगळा गाव लोटला होता.

"अक्का, बठ्ठा गाव मना जेठ-सासरास्ना शे," सोनाबाई पदराआडून म्हणाली, म्हणजे सगळाच गाव तिच्या जेठ-सासऱ्यांचा. "मी तोंड कसं उघाडू?"

मी म्हटलं, जळगावहून नाटकातली एखादी मुलगी आणू. अक्का सोनाबाईकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी कॅमेरा उचलला आणि तिच्या हातांजवळ नेला. चार दिवस मग तेवढंच चाललं. भाकरी थापणारे हात, कापूस वेचणारे हात, मधूनच पदर सावरणारे. मला वाटलं, रीळ पाण्यात गेलं.

पुढे जळगावच्या एका शाळेत तो दाखवला. वीस मिनिटांचा मुका सिनेमा. सुपारी कातरत बसलेल्या डाळमिलवाल्या शेठजींचा अडकित्ता थांबला. पडद्यावर भाकरी उलटताना बोटाला चटका बसला, तर माझ्या शेजारच्या गृहस्थाने स्वतःचं बोट तोंडात घातलं. मी तिथेच परात धरून उभा होतो, पण हे सगळं मी तेव्हा पाहिलंच नव्हतं. अक्का काय पाहतात ते मला त्या दिवशी कळलं.

मुंबईहून आलेले एक सिनेमावाले तर खुर्चीतून उठूनच आले. गावोगावच्या थिएटरांत लावतो म्हणाले. अट एकच. मुंबईच्या नटीचा चेहरा घेऊन तो मध्ये मध्ये जोडायचा. अक्कांनी हात जोडले, नाही म्हणाल्या आणि रिळाचा डबा काखेत मारला.

परतीच्या एसटीत मी पारोळ्यापर्यंत धुसफुसत होतो. एवढी दारात चालून आलेली संधी. शेवटी न राहवून म्हणालो, "अक्का, चेहऱ्यासाठी एवढा जीव टाकता तुम्ही, मग एक चेहरा जोडला असता तर काय बिघडलं असतं?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "माझी आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते, भाऊ," त्या म्हणाल्या. "अख्ख्या धुळ्याचे फोटो काढले मी, पण तिचा एकही नाही. पदर आठवतो. पिठाचे हात आठवतात. तोंड नाही आठवत. आता तिला कुणाचं तोंड लावू, सांग."

मला माझीच लाज वाटली. त्यांच्याजवळचा डबा घेऊन मी मांडीवर ठेवला आणि धुळं येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसलो.