कवी अज्ञात, काळ अंदाजे १८४०

एसाया रीस मेंढ्यांच्या बाजारातून घरी आला, तेव्हा स्वयंपाकघरात चुलीशेजारचा बाक जागेवर नव्हता. उंच पाठीचा, ओकाचा, चार पिढ्यांच्या बसण्याने गुळगुळीत झालेला बाक. फरशीवर त्याच्या आकाराचा फिकट पट्टा तेवढा उरला होता, आणि त्यावर त्याची बायको मार्गेड ओलं फडकं फिरवत होती.

"बाक कुठाय?"

"संग्रहालयाला दिला," ती म्हणाली. "सकाळी गाडी घेऊन आली होती माणसं."

युद्ध संपून सहा वर्षं झाली होती. पोरं खोरं सोडून कारखान्यांकडे निघाली होती, घराघरांतलं जुनं सामान सरपणात चाललं होतं, आणि हे सगळं जपायला हवं अशी विद्वान मंडळींना अचानक जाग आली होती. त्यांनी तालुक्याच्या गावी जुन्या धान्यबाजारात लोकजीवनाचं संग्रहालय मांडायला घेतलं होतं. त्या माणसांनी बाकाची इतकी स्तुती केली, की आजवर आपण त्यावर बटाट्यांची पोती टाकत आलो याची मार्गेडला लाज वाटली. शिवाय वसंतात वीज येणार होती, आणि विजेची शेगडी कुठे ठेवायची हे तिने कधीच ठरवून ठेवलं होतं.

"बसायच्या फळीखालची पेटी रिकामी केलीस ना?"

"केली की. लोकर, दोन बायबलं आणि एक मेलेला उंदीर. उंदीर नाही दिला."

बसावं म्हणून एसाया सवयीने मागे सरकला आणि जेमतेम सावरला. पेटीच्या तळाची एक फळी सुटी होती आणि तिच्याखाली त्याची कविता होती, हे तिला कसं सांगायचं? लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. आपला नवरा कविता करतो हे तिला ठाऊक नव्हतं.

त्या खोऱ्यात कविता करणं लाजेची गोष्ट मुळीच नव्हती. लोहार करायचा, पोस्टमन करायचा, खाटीक तर मृत्युलेखसुद्धा वृत्तात लिहायचा. लाजेची गोष्ट वाईट कविता करणं ही होती. तीन वर्षांपूर्वी एसायाने गावच्या आइस्तेद्वोदात, म्हणजे वर्षाच्या कविता-गाण्यांच्या स्पर्धेत, 'विझू न दिलेली चूल' नावाची कविता टोपणनावाने पाठवली होती. परीक्षक होते डॉ. कादवान पेन्री, मोठा माणूस. त्यांनी भरल्या मंडपात निकाल वाचून दाखवला होता: या कवीपाशी राख भरपूर आहे, निखारा मात्र सापडला नाही; त्याने मेंढ्या पाळाव्यात. मंडप हसला होता. शेजारी बसलेली मार्गेडही हसली होती. आणि एसाया, चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून, सगळ्यांत मोठ्याने हसला होता.

आता फळीखालची तीच कविता परक्यांच्या हाती लागणार. अक्षर ओळखलं जाणार, आणि रविवारी चॅपेलच्या दारात तो मंडप पुन्हा हसणार. पुढच्या गुरुवारी, संग्रहालय उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी, तो बसने तालुक्याला निघाला. बाकात पाइप राहिला असं त्याने सांगितलं. मार्गेडने त्याच्या तोंडातल्या पाइपकडे पाहिलं आणि आपणही येते म्हणाली.

बाक दाराशीच मांडला होता, भोवती दोरी होती. बाजूला काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवलेला पिवळट कागद होता, आणि खाली सुबक अक्षरांत चिठ्ठी: 'बाकाच्या तळाशी सापडलेली कविता. कवी अज्ञात. काळ अंदाजे १८४०.'

एसायाने ती चिठ्ठी दोनदा वाचली. युद्धात कागद मिळेनासा झाला तेव्हा त्याने पणजोबांच्या मेंढ्यांच्या वहीतली कोरी पानं फाडली होती, आणि शाई पुरावी म्हणून तिच्यात काळा चहा घातला होता. चुलीच्या धुराने बाकीचं काम केलं होतं. काचेपाशी चारपाच माणसं टोप्या काढून उभी होती, आणि त्यांना कविता समजावून सांगत होते खुद्द डॉ. पेन्री.

"ही बाई राखेखाली निखारा कसा झाकते बघा," ते हलक्या आवाजात म्हणत होते. "दिसत नाही, पण धग लागते. हे आता कुणाला जमत नाही."

मार्गेड पलीकडे लोणी घुसळायच्या भांड्यापाशी गेली होती. त्यावरची चिठ्ठी चुकीची आहे हे ती तिथल्या माणसाला पटवत होती. ती संधी साधून एसायाने डॉक्टरांना बाजूला घेतलं. बाक आपल्या घरचा, असं तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"आणि कविता माझी आहे," एसाया म्हणाला.

"तुमच्याच घराण्याची. अभिमान वाटायलाच हवा."

"घराण्याची नाही. मी लिहिलीय."

डॉक्टर मायेने हसले. कागद कधीचा आहे हे त्यांनी समजावलं, असल्या तांबूस शाईची कृती आता लोप पावली आहे असं सांगितलं. "आणि वीस वर्षं मी स्पर्धांचा परीक्षक आहे, रीस. आज असं लिहिणारा कुणी असता, तर माझ्या नजरेतून सुटला असता का?"

डॉक्टरांना एकच हळहळ होती, शेवटचं कडवं उंदरांनी खाल्लं होतं. घरात कुणाच्या तोंडी ते उरलंय का, असं त्यांनी विचारलं.

खरं तर ते कडवं उंदरांनी खाल्लं हे बरंच झालं होतं. त्यात राष्ट्राची चूल, पूर्वजांची ज्योत असं बरंच काही होतं आणि ते एसायाला स्वतःलाच कधी पटलं नव्हतं. ते आठवावं म्हणून त्याने मान वर केली. समोर, दोरीला हात लावून, मार्गेड येऊन उभी होती. राष्ट्र काही आठवेना. तो भलतंच, अडखळत, एकेक ओळ जुळवत बोलू लागला:

"डावा गुडघा टेकते ती, उजवा दुखतो म्हणून.
पहिल्या दोन फुंकरा वाया, तिसरीला निखारा ऐकतो,
आणि घर उजळायच्या आधी
तिचं तोंड उजळतं."

डॉक्टर भराभर लिहून घेत होते, चष्म्याआड डोळे ओले झाले होते. "कुणाकडून मिळालं हे तुम्हाला?"

"घरातच," एसाया म्हणाला.

'घराण्यातील मौखिक परंपरा,' डॉक्टरांनी लिहिलं, आणि खाली त्याची सही घेतली.

परतीच्या बसमध्ये दोन थांबे गेले. मग मार्गेड समोर बघतच म्हणाली, "शेवटचं कडवं काही तुमच्या पणजोबांचं नव्हे."

"कशावरून?"

"माझा उजवा गुडघा मागच्या हिवाळ्यात धरलाय."

एसायाचे कान लाल झाले. बराच वेळ त्याने टोपी गुडघ्यावर गोल गोल फिरवली. शेवटी हळूच विचारलं, "आणि आधीची तीन?"

मार्गेडने थोडा विचार केला. "बरी आहेत," ती म्हणाली. "पण ती कुणाच्याही बायकोची असू शकतात."

एसायाने मान हलवली. मग तो उठला, तिला बसमधल्या मधल्या वाटेकडची आपली जागा दिली, आणि तिने उजवा पाय हळूहळू लांब केला.