इग्वाना गेला खांबावर

"आजपासून या अंगणात एक जरी इग्वाना दिसला, तर नाव बदलीन!" एफ्राइननं बायकोला ठणकावून सांगितलं.

"कुठलं ठेवणार?" नेरेइदानं मान वर न करता विचारलं.

तिचं तरी काय चुकलं? ही प्रतिज्ञा दर आठवड्याला व्हायची. त्या हातभर लांब हिरव्या सरड्यांनी जास्वंद संपवली, भोपळ्याचे वेल संपवले, आणि आता पपईवर डोळा ठेवून ते कुंपणावर पंचांसारखे बसले होते. जात बाहेरून आलेली. पण ऐट अशी, की बायामोन गावात उपरा एफ्राइनच!

त्यानं गाडी धुवायचा पंप काढला आणि सगळ्यात थोराड इग्वानावर फवारा सोडला. तो कुंपणावरून आंब्यावर गेला, आंब्यावरून विजेच्या खांबावर. एफ्राइन फवारा घेऊन खालीच! "पळ, चोरा, पळ!"

चोर पळाला तो थेट ट्रान्सफॉर्मरवर.

धाड! निळा लोळ उठला. गल्लीतले पंखे, फ्रीज, टीव्ही एका दमात गप्प. जळका इग्वाना नेरेइदाच्या धुतलेल्या चादरींवर येऊन पडला. एफ्राइन विजयाची आरोळी ठोकणार, तोच शेजारची मिग्दालिया किंचाळली, "बाबांचं मशीन बंद पडलं!"

तिचे वडील एलादियो, वय ब्याऐंशी, प्राणवायूच्या मशीनवर जगत होते. राखीव सिलिंडर जेमतेम दहा मिनिटांचा. वीज कंपनी फोनवर म्हणाली, "तीन दिवस."

एफ्राइननं घरचा जनरेटर ओढत नेला. बारा वेळा दोरी खेचली. काही नाही! म्हाताऱ्याचे ओठ जांभळे पडत चालले. तेराव्या खेपेला जनरेटर खोकला आणि धडधडू लागला.

"देवमाणूस आहात, दादा!" मिग्दालियानं त्याचे हात धरले. दारात जमलेल्या बायकांनी डोळे पुसले.

"अहो, शेजारधर्म आहे," असंही तो म्हणून गेला.

ती कॉफी करायला आत गेली, तशी एलादियोंनी त्याला बोटानं जवळ बोलावलं. त्यांची खाट खिडकीशी होती, आणि खिडकीतून एफ्राइनचं अख्खं अंगण दिसत होतं.

"पाण्याचा जोर…" त्यांनी मास्क बाजूला केला. "जरा जास्त झाला, नाही का?"

"काका, मी… मला काय माहीत तो खांबावर…"

"मी नाही सांगणार कुणाला." एक लांब धाप. "सगळं लिहून ठेवलंय. चिठ्ठी उशीखाली आहे. मी मेलो, की मिग्दालिया वाचेल."

एफ्राइननं उशीकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं मास्क पुन्हा बाजूला केला.

"जनरेटरात पेट्रोल किती आहे?"

"संध्याकाळपर्यंत पुरेल, काका."

"मग इथं का उभा आहेस?"