मेहुणीच्या लग्नाला कुलूप

सकाळी चहाचा कप घेऊन फोटोग्राफर कॉम्प्युटरसमोर बसला, तेव्हा मेहुणीचं लग्न नाहीसं झालेलं होतं.

फोल्डर होता. आत फाइलीही होत्या. पण ज्या चौकोनांत कालपर्यंत नवरा-नवरी दात काढून हसत होते, तिथे आता ओळीने कोरे पांढरे कागद उभे होते आणि प्रत्येक फाइलच्या नावामागे कसलंसं अगम्य शेपूट चिकटलं होतं. त्याने एक फाइल उघडून पाहिली. हा प्रकार आपल्या ओळखीचा नाही, असं कॉम्प्युटरने कळवलं.

"ओळखीचा नाही? काल दिवसभर तूच दाखवत होतास ना!" फोटोग्राफर त्याच्यावर खेकसला.

उत्तरादाखल पडदा काळा झाला आणि त्यावर लाल अक्षरं उमटली. तुमच्या सगळ्या फाइलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली फक्त आमच्याकडे आहे, पैसे पाठवा आणि किल्ली घ्या. खाली एक घड्याळ उलटं पळत होतं. मजकूर मोठ्या अदबीने लिहिलेला होता. फक्त 'आपला नम्र' एवढं लिहायचं राहिलं होतं.

फोटोग्राफरच्या तोंडचं पाणी पळालं. कारण संध्याकाळी सगळं घर हे फोटो बघायला जमणार होतं. मेहुणी आणि तिचा नवरा कालच सहलीहून परतले होते. सासूबाई येणार होत्या. आणि मुख्य म्हणजे सासरे येणार होते.

सासरे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात दुकानांतले खोटे काटे पकडण्यात गेली, आणि जावयाकडेही ते पहिल्या दिवसापासून त्याच नजरेने बघत आले होते. या काट्यात खोट आहे, फक्त ती अजून सापडत नाही, अशी ती नजर. धाकटीच्या लग्नाचे फोटो त्याच्याकडे सोपवताना ते एवढंच म्हणाले होते, "नीट काढ. मला ते परत परत बघायचेत." आणि लग्न झाल्यापासून तर ते त्याच्याशी धड बोलतही नव्हते. का, ते फोटोग्राफरला कळलं नव्हतं. एकदा फोटो बघितले की म्हातारा विरघळेल, या एकाच आशेवर तो दिवस ढकलत होता.

हे संकट आलं कुठून, हे आठवायला फार डोकं खाजवावं लागलं नाही. काल त्याने फोटोंचे रंग आपोआप खुलवणारं एक महागडं सॉफ्टवेअर कुठूनसं फुकट उतरवून घेतलं होतं. त्यातली पहिलीच सूचना होती, 'अँटीव्हायरस तात्पुरता बंद करा.' याने तो केला. चोराने फाटकाबाहेरून "कुत्रा बांधा हो" म्हणावं आणि मालकाने लगबगीने जाऊन बांधावा, तसं हे झालं होतं.

पण तो काही अगदीच कच्च्या गुरूचा चेला नव्हता. लग्नाची दुसरी प्रत त्याने वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली होती. ती डिस्क कायम हाताशी असावी म्हणून त्याने ती कायम कॉम्प्युटरला जोडूनच ठेवली होती. चोरही त्याच वायरीतून आरामात पलीकडे गेला होता. तिथेही पांढरे कागद!

घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस एकच होता. तो एका मोठ्या इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात कामाला होता. अडचण एवढीच, की तोच नवरदेव होता.

"साडूभाऊ, एक विचारायचं होतं," फोटोग्राफरने फोनवर आवाज शक्य तितका सहज ठेवला. "माझा एक मित्र आहे…"

"बोला ना, दादा."

"त्याच्या सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्यात. लाल अक्षरं, उलटं घड्याळ, पैसे मागतायत."

"रॅन्समवेअर!" साडू असा काही ओरडला, जणू जुना दोस्त भेटला. "खंडणी मागणारा प्रोग्राम आहे तो. दादा, त्याला म्हणावं, आधी इंटरनेटची वायर काढ. वायफाय बंद कर. लगेच!"

फोटोग्राफरने टेबलाखाली सूर मारला. "काढली! म्हणजे… काढेल तो."

"आणि बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर तीही काढायची."

"जोडलेलीच होती. तिच्यातही कुलूप."

"कायम जोडून ठेवतो की काय तो?"

"सुरक्षित राहावी म्हणून."

"जरा बावळटच दिसतोय तुमचा मित्र."

"नाही हो, तसा हुशार आहे," फोटोग्राफर दुखावून म्हणाला.

"बरं, अँटीव्हायरस नव्हता?"

"होता. त्याने बंद केला होता."

"का?"

"फुकटच्या सॉफ्टवेअरने सांगितलं म्हणून."

मग साडू एखाद्या डॉक्टरने नातेवाइकांशी बोलावं तसा हळू बोलू लागला. "दादा, त्याला म्हणावं, पैसे अजिबात भरू नकोस. भरून किल्ली मिळेलच असं नाही, आणि गिऱ्हाईक पैसे देतंय म्हटल्यावर ते पुन्हा येतात. कुलूपबंद फाइली पुसायच्या नाहीत. काही कुलपांच्या किल्ल्या जाणकारांनी शोधून फुकट ठेवलेल्या असतात. आपलं कुलूप कुठल्या जातीचं आहे ते बघू. पडद्याचा एक फोटो काढून पाठवायला सांगा."

फोटो म्हटल्यावर आमच्या माणसाच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्याने कॅमेरा स्टँडवर चढवला, खिडकीचा पडदा ओढला, काचेवर चमक येऊ नये म्हणून दिवा तिरका केला. धमकीची इतकी देखणी तसबीर आजवर कुणी काढली नसेल. त्याने ती मोबाइलवर घेतली आणि अभिमानाने पाठवून दिली.

साडूचा फोन तत्काळ आला. "दादा, फोटो फार सुरेख आलाय. कोपऱ्यातली अक्षरंसुद्धा वाचता येतात."

"खरंच? थँक्यू."

"डाव्या कोपऱ्यात तीन फोल्डर दिसतायत. 'मेहुणी लग्न', 'मेहुणी लग्न फायनल' आणि 'मेहुणी लग्न खरंच फायनल'."

फोटोग्राफरने मान वळवून पडद्याचा डावा कोपरा बघितला.

"दादा, तुमच्या मित्राच्या कॉम्प्युटरवर माझं लग्न आहे का हो?"

फोटोग्राफरने कबुली दिली. पण साडू मनाचा मोठा निघाला. रागावण्याऐवजी तो चेकाळलाच. "घरी कुणाला बोलू नका. मी लॅपटॉप घेऊन निघतो. कुलूप नव्या जातीचं दिसतंय, याची किल्ली अजून कुणाला सापडलेली नाही. पण दुसरा रस्ता काढू!"

हा दुसरा रस्ता निघेपर्यंत हातावर हात ठेवून बसणं फोटोग्राफरच्या स्वभावात नव्हतं. त्याच्या डोक्यात एक नामी कल्पना आली. लग्नाला आलेल्या प्रत्येकाकडे मोबाइल होता आणि प्रत्येकाने फोटो काढलेच होते! त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर संदेश टाकला, 'संध्याकाळसाठी एक सरप्राइज करतोय. सर्वांनी आपापल्या मोबाइलमधले लग्नाचे फोटो पाठवा.'

आणि फोटोंचा नुसता पाऊस पडला. आत्या, मामा, मावसभाऊ, मेहुणीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांनी पाठवले. जीव भांड्यात पडून फोटोग्राफरने पहिला फोटो उघडला.

फोटोत एक पाठ होती. रुंद, करड्या जाकिटातली, खांद्यावर दोन पट्टे. पाठीच्या डाव्या अंगाने नवरीचा एक कान दिसत होता.

त्याने दुसरा उघडला. तीच पाठ, जरा वाकलेली. तिसऱ्यात पाठ खुर्चीवर चढली होती. चौथ्यात पाठीने हात वर केला होता आणि त्या काखेतून नवरदेव बघत होता. आत्याने तर अख्खा व्हिडिओ काढला होता. त्यात पाठ डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि शेवटी आत्याचाच आवाज आला, "कोण आहे हा मेला?" आपल्या डोक्यावर मागच्या बाजूला चांगलं बशीएवढं टक्कल पडलंय, ही बातमीही फोटोग्राफरला त्याच व्हिडिओतून मिळाली.

तेवढ्यात बायको मोबाइल घेऊन खोलीत आली. "अहो, सरप्राइज कसलं? आणि ग्रुपवर मीही आहे, विसरलात का? ताई, ताई करून धाकटीचे तीन फोन येऊन गेले. नाचतेय नुसती."

फोटोग्राफरने शरणागती पत्करली आणि कुत्रा बांधण्यापासून टकलापर्यंत सगळं सांगून टाकलं. बायकोने त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि एक फोटो मोठा केला.

"इथे बघा," ती म्हणाली.

बाजूच्या रांगेतून मामांनी काढलेला फोटो होता. स्टेजवर अंगठ्या घालणं चाललेलं असावं, कारण करडी पाठ तिथे पूर्ण पसरली होती. पहिल्या रांगेत बरोबर तिच्या मागे सासरे बसले होते, मान डावीकडे काढून. पुढच्या फोटोत त्यांची मान उजवीकडे होती. त्याच्या पुढच्या फोटोत ते अर्धवट उठले होते. आणि शेवटच्या फोटोत ते खाली बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"त्यांना काहीच दिसलं नाही?"

"नाही. मी उठून तुम्हाला सांगणार होते. तर बाबांनीच हात धरला. म्हणाले, बोलू नकोस, त्याचं काम चाललंय. फोटोत बघू."

फोटोग्राफरला एकदम भरून आलं. इतके दिवस म्हातारा रागावलाय म्हणून हा कुढत होता, आणि तो बिचारा फोटोंची वाट बघत होता! स्वतःच्या लेकीचं लग्न त्याने पहिल्या रांगेत बसूनही पाहिलं नव्हतं. आता ते जगात एकाच ठिकाणी होतं, आणि तिथे कुलूप होतं.

"पैसे भरून टाकतो," तो उठला. "काय मागतील ते देतो!"

"खबरदार!" दारातून आवाज आला. साडू धापा टाकत उभा होता, बगलेत लॅपटॉप. "दादा, कॅमेऱ्यातलं कार्ड कुठाय?"

"ते तर मी लगेच रिकामं केलं. आमच्या धंद्यातली शिस्तच आहे तशी."

"रिकामं म्हणजे फॉरमॅट ना? मग नुसती अनुक्रमणिका फाटली. पानं आत असतात. वर नवीन काही उमटवलं नसेल तर निघतात!"

फोटोग्राफरचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "उमटवलंय. दाताच्या डॉक्टरांच्या नव्या खुर्चीचे फोटो."

"खुर्चीचे असून असून किती असणार?"

"फिरती खुर्ची आहे हो. चहूबाजूंनी काढले."

कार्ड साडूच्या लॅपटॉपमध्ये गेलं. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. तिघंही त्या पट्टीवर डोळे लावून बसली. बसल्या बसल्या साडूने सुनावून घेतलं, की हा कॉम्प्युटर आता पुसून पहिल्यापासून उभा करायचा, सगळे पासवर्ड बदलायचे, पोलिसांत कळवायचं, आणि यापुढे प्रत घेतली की वायर उपटून डिस्क कपाटात ठेवायची, आणि एक प्रत तर दुसऱ्याच्याच घरी. फोटोग्राफर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. फुकटच्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला तेव्हा बायकोने नुसतं बघितलं, आणि तेवढं पुरे झालं.

पहिला फोटो निघाला. खुर्ची.

दुसरा. खुर्ची. तिसरा, चौथा, खुर्ची पाठीमागून, खुर्ची झोपलेली, खुर्चीचा दिवा.

"किती काढलेत हो!" बायकोचा आवाज रडकुंडीला आला.

दाराची घंटा वाजली. मेहुणी उत्साहाच्या भरात ठरल्या वेळेच्या आधीच आईवडिलांना घेऊन हजर झाली होती. "भावजी, सरप्राइज कुठाय?" करत ती आत घुसली, आणि स्वतःच्या नवऱ्याला तिथे बघून तिला वाटलं, हेच सरप्राइज. तेवढ्यात साडू किंचाळला, "आला! हात आला!"

पडद्यावर खरोखरच एक हात होता. मागोमाग मेहुणीचा चेहरा आला. मग हार, मामा, टाळ्या, मग भराभर, पट्टीलाच घाई झाल्यासारखे, एकामागून एक! फोटोग्राफर आणि साडू एकमेकांच्या गळ्यात पडून नाचले. काय झालं ते न कळताच मेहुणीही नाचली.

मग मात्र फोटोग्राफर सासऱ्यांसमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, माझ्या मूर्खपणामुळे सगळं गेलं होतं. बरंच परत मिळालंय. सुरुवातीचं गेलं ते गेलं."

"सुरुवातीचं म्हणजे?" सासूबाई चमकल्या. "पाहुणे आत येतानाचं? अरे, माझे केस तेव्हाच काय ते धड होते!"

"ते खुर्चीखाली गेले, आई," साडू हळूच म्हणाला.

सासऱ्यांनी जावयाकडे बघितलं, नेहमीसारखंच. "अंगठ्यांचा आहे?"

"आहे."

"लाव."

सगळी दिवाणखान्यात बसली. फोटोग्राफर मुद्दाम सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा राहिला. मोठ्या टीव्हीवर फोटो सरकू लागले. मेहुणी हसत होती, ओरडत होती, कोण कसं दिसतंय ते सांगत होती. मग अंगठ्यांचा फोटो आला. नवरीचा हात नवरदेवाच्या हातात होता आणि ती त्याच्याकडे न बघता, मान वळवून, पहिल्या रांगेत कुणालातरी शोधत होती.

"थांब," सासरे म्हणाले.

ते उठले. सोफ्याला वळसा घालून सरळ टीव्हीपाशी गेले आणि अगदी काचेला नाक लावून उभे राहिले. बाकी सगळ्यांना आता त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

"अहो, काय हे!" सासूबाई म्हणाल्या. "बाजूला व्हा. आम्हाला काही दिसत नाहीये!"

"आई," फोटोग्राफर मागून घाईघाईने म्हणाला, "राहू दे त्यांना तिथेच."