बापूकाकांची बिनसाखरेची कॉफी

बापूकाका रोज सकाळी भाताच्या पोत्यांच्या वजनकाट्यावर चढत आणि आलेल्या वजनातून वजाबाकी करत. आधी सदरा-लेंगा वजा. मग गिरणीच्या किल्ल्या, मनगटावरचं घड्याळ, खिशातली पानाची डबी. शेवटी न्याहारी. "तिचं वजन कसं धरायचं? ती अजून पोटात हाय, अंगाला लागली नाय," असं म्हणून न्याहारीसुद्धा वजा. एवढी काटछाट केल्यावर कुणीही बारीक व्हावं. बापूकाका मात्र एवढं करूनही चांगले घसघशीत उरत.

पेणला त्यांची पोह्यांची गिरणी होती आणि घर आमच्या शेजारी. नव्वदनंतर आमच्या आळीत केबल टीव्ही आला आणि त्यावर कुणा काडीसारख्या बाईने सांगितलं, की बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी चरबी जाळते. बाईने आणखीही बरंच काही सांगितलं होतं. रोज चाला म्हणाली, तळलेलं सोडा म्हणाली. पण ते काकांच्या कानावरून गेलं. 'जाळते' एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं, कारण जन्म पोह्यांचा भात भाजायच्या भट्टीसमोर गेलेला.

दुसऱ्या दिवसापासून काळी कॉफी सुरू झाली. एरंडेल घेतल्यासारखं तोंड करून ते घोट गिळत, पोटावर थाप मारत आणि आळीला ऐकू जाईल असं ओरडत, "भट्टी पेटली!"

इथवर ठीक होतं. पण भट्टी पेटली की लगेच ते बटाटेवडे मागवत. मी एकदा हटकलं, तर मलाच शिकवायला लागले. मी रोह्याच्या शाळेत शिकवते हे ठाऊक असल्यामुळे त्यांना मला शिकवायला विशेष आवडे.

"अगो मास्तरणी, भट्टी रिकामी जाळली तर तडकते. तीत काय तरी घालायला नको?"

"मग चरबी कधी जळायची?"

"आधी वडा जळेल, मग चरबी. नंबर लावून."

काकींनी तर हात टेकले होते. त्या म्हणायच्या, "कडू घोट गिळून माणूस बारीक होत असता, तर या घरात येऊन माझी काडी झाली असती."

काका एकटे कॉफी पीत असते तरी चाललं असतं. पण जो दिसेल त्याला ते पाजत. हळदीकुंकवाला आलेल्या बायका पेला नाकाशी नेऊन हळूच तुळशीत ओतायच्या. ती तुळस मात्र खरोखरच बारीक झाली.

आता नंदाविषयी सांगते. नंदा त्यांची एकुलती एक मुलगी आणि माझी बालमैत्रीण. तिला रोह्यात दिली होती. जावई कंपनीत, घर वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या नावाने शंख. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. आमच्याकडे जुनी रीत अशी, की मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. ही रीत बाकीच्यांनी केव्हाच गुंडाळून ठेवली होती. बापूकाका मात्र ती पाळत आणि रोह्याला जाताना कॉफीचा थर्मास खांद्याला लावून जात. लेकीकडे स्वतःची कॉफी घेऊन जाणारा बाप मी तरी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

"रीत ती रीत," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी भट्टीसुद्धा पेटवली नाही.

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर निघाले. वाटेत गडबला एसटी थांबली तेवढ्यात काकांनी उतरून गरम भजी आणली, वर कॉफीचा घोट घेतला आणि कंडक्टरला सांगितलं की भट्टी पेटली. त्याने मागे वळून अख्खी गाडी तपासली.

वसाहतीचा पहिला जिना काका बोलत चढले. दुसरा मुक्याने. तिसरा कसा चढले ते त्यांनाच ठाऊक. वर पोचले तेव्हा चेहरा लालबुंद, सदरा पाठीला चिकटलेला, छातीचा भाता झालेला. ते खुर्चीत कोसळले.

विहीणबाई जणू तयारच होत्या. तबकात पाण्याचा पेला घेऊन पुढ्यात उभ्या राहिल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आणलं आपलं, विचारायचं म्हणून. तुम्ही कुठले घेणार! आमच्याकडे पाणी प्यायचा तुमचा योग कधी येतो, देव जाणे."

बोलल्या काकांना, बघितलं नंदाकडे. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या नंदाची मान खाली गेली. ती सवयीने गेली, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काकांचा हात थर्मासकडे गेला. झाकण फिरवलं, आणि मग पुन्हा घट्ट बसवलं. त्यांनी तबकातला पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"नंदे, कॉफी टाक. दूध घाल, साखर घाल. चांगली गोड कर."

विहीणबाई गडबडल्या. "अहो, पण अजून मूल कुठे…"

"मूल हाय की," काका म्हणाले. "ती दारात उभी हाय ती कोण?"

आत गेलेल्या नंदाने दूध उतू घालवलं. काकांनी दोन पेले कॉफी प्यायली.

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत स्वतःच बोलले.

"धाप लागली नसती तर कोण पाणी आणणार होतं? येवढ्यासाठीच वजन उतरवायचं होतं गो मला. असा टुणटुणीत वर जायला हवा होतो, की विहीणबाईला पेला आठवूच नये." मग म्हणाले, "वाडवडलांची रीत मोडायला हात धजत नव्हता. म्हणून कडू पीत बसलो. पोरगी मात्र माझ्याहून कडू पीत होती."

मी त्यांचा थर्मास माझ्या मांडीवर घेतला.

पेणला उतरल्यावर काका आधी गिरणीत गेले. काट्यावर चढले आणि नेहमीप्रमाणे वजाबाकीला लागले. सदरा-लेंगा वजा. किल्ल्या वजा. गडबची भजी वजा.

"आणि नंदाकडची कॉफी?" मी विचारलं.

"ती ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "ती अंगाला लागली."