तिसऱ्या सिलिंडरातले थोरले जावई

वामनराव तेरदाळ्यांच्या गाडीतला तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन नात्याने त्यांचा जावई लागत होता, आणि अधिक महिना संपत आला तरी कोणी वाण दिलं नाही म्हणून तो रुसून बसला. पण हे वामनरावांना कळायला अमावास्येची सकाळ उजाडावी लागली. तोवर चार दिवस ते बापडे गाडीत बिघाड शोधत होते.

गाडी चालू व्हायची, पण लंगडत. उभ्या जागी थरथरायची, चढाला धापा टाकायची आणि समोरचा पिवळा दिवा सारखा डोळे मिचकावायचा. शालनताईंनी, म्हणजे वामनरावांच्या सौभाग्यवतींनी, निकाल देऊन टाकला होता. "अमावास्येपर्यंत धड झाली तर ठीक. नाहीतर चार वाजता भंगारवाले पोपटराव येतील आणि साखळी लावून घेऊन जातील. चौदा वर्षं ऐकतेय मी हिचं रडगाणं!" वामनरावांचा त्या गाडीवर जीव होता. लेकीला, केतकीला, त्यांनी तिच्यावरच गाडी शिकवली होती. गाडी भंगारात जाणार या विचाराने त्यांना जेवण जात नव्हतं.

अमावास्येला सकाळी शेजारचे बशीरभाई आले. बशीरभाईंची हयात वर्कशॉपमध्ये गेलेली. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसत नाहीत. त्यांनी गाडी चालू ठेवून एकेका कॉइलची पिन काढली. पहिल्या सिलिंडरची काढली, इंजिनाचा आवाज पडला. दुसऱ्याची काढली, पडला. चौथ्याची काढली, पुन्हा पडला. तिसऱ्याची काढली तर इंजिनाला त्याचं काहीच नाही.

"तिसरा," बशीरभाई म्हणाले.

मग तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात घातला. प्लगचा दोष असता तर पहिला बंद पडला असता, पण बंद राहिला तिसराच. कॉइलची अदलाबदल केली, तरी तेच. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजेक्टरवर टेकवून दुसरं कानाला लावून ऐकलं, तर पेट्रोल व्यवस्थित येत होतं. दाब मोजला, तोही उत्तम.

"वर-खाली होतोय," बशीरभाई म्हणाले, "पण मनापासून नाही." आणि त्यांनी पिशवीतून स्कॅनर काढून गाडीला जोडला. पडद्यावर कोड आला. चष्मा लावून त्यांनी पुस्तकात पाहिलं आणि वाचून दाखवलं, "सिलिंडर तीन. मानपानात चूक."

वामनरावांनी पुस्तक हातात घेतलं. तसंच छापलं होतं.

"हा कोड मी पूर्वी एकदाच पाहिलाय," बशीरभाई म्हणाले. "तासगावच्या एका ट्रॅक्टरला. तिथं विहिणीचं प्रकरण होतं. वामनराव, हा पिस्टन मूळचा का बाहेरचा?"

"बाहेरचा. कोल्हापूरहून आणला."

"बसवताना काय काय केलंत?"

"काय करणार? नारळ फोडला. हिने ओवाळलं. दोन पेढे ठेवले."

"झालं तर मग! इंजिन तुमच्या घरचं, हा बाहेरून आलेला. ओवाळून घरात घेतलात. याला घरजावई नाही तर काय म्हणायचं? आणि महिना कुठला चालू आहे?"

वामनराव मटकन बसले. स्वयंपाकघरात शालनताई अनारसे तळत होत्या. जावईबापू निनाद आणि केतकी तीनला यायचे होते, त्यांच्या वाणासाठी. अनारशांचा वास अंगणापर्यंत येत होता, आणि बॉनेट तर चार दिवस उघडंच होतं.

वामनरावांनी आत जाऊन सगळं सांगितलं. शालनताईंचा झारा हातातच राहिला.

"अगंबाई! जावयाला साखळी लावून भंगारात पाठवत होते मी? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"मलाही आत्ताच कळलं."

"तुम्हाला कधी काय वेळेवर कळलंय!" त्यांनी गॅस बंद केला आणि पोपटरावांना फोन लावला. पण पोपटराव कुठे तरी रस्त्यात असावेत. फोन लागला नाही.

आता प्रश्न आला की आधी वाण कोणाला. वामनरावांनी गाडीची डायरी आणली, शालनताईंनी केतकीच्या लग्नाची पत्रिका आणली, आणि दोन्ही बॉनेटशेजारी ठेवून तारखा पाहिल्या. पिस्टन मार्गशीर्षात बसला होता. लग्न त्यानंतरच्या वैशाखातलं. वादच नव्हता, पिस्टन थोरला.

निनाद आल्यावर त्याला हे सांगितलं. तो सरकारी मोजणी कार्यालयात होता. कागद दिसला की त्याचं समाधान होई. त्याने दोन्ही तारखा तपासल्या.

"म्हणजे हे माझे साडू."

"थोरले साडू," शालनताई म्हणाल्या.

निनादने चपला काढून इंजिनाला वाकून नमस्कार केला. केतकी हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला.

शालनताईंनी तेहतीस अनारसे मोजून तांब्याच्या ताटात ठेवले, वर दिवा ठेवला आणि ताट इंजिनापुढे धरलं. टॉवेल-टोपीही केली. टोपी तिसऱ्या कॉइलवर ठेवली, कुंकू लावलं, ओवाळलं. मग पंख्यात जाईल म्हणून टोपी काढून बाजूला ठेवली आणि वामनरावांनी किल्ली फिरवली.

गाडी लंगडतच होती.

आणि नेमका तेव्हाच फाटकाशी पोपटरावांचा टेम्पो येऊन थांबला. पोपटराव साखळी घेऊन उतरले. वामनरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"थांबा हो जरा!" शालनताई पोपटरावांवर खेकसल्या. मग पदर सावरून बॉनेटपाशी गेल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "चुकलं आमचं, जावईबापू. ओवाळून घरात घेतलं आणि विसरून गेलो. इतके दिवस राबलात, एका शब्दाने विचारलं नाही. मी तर नको नको ते बोलले. मनात ठेवू नका. हे घर तुमचंच आहे."

इंजिन एकदा शिंकलं. मग थरथर थांबली. पिवळा दिवा विझला आणि चारही सिलिंडर असे एका सुरात चालू लागले की बशीरभाईंनी "वाहवा!" म्हणून मांडीवर थाप मारली. वामनराव स्टेअरिंगला मिठी मारून हसत होते, रडत होते, दोन्ही एकदम.

निनादचंही वाण झालं आणि सगळे हरिपूरच्या संगमावर जायला निघाले. निनादने सवयीने पुढचं दार उघडलं.

"जावईबापू, आज तुम्ही मागे बसा," शालनताई म्हणाल्या. "पुढे थोरले आहेत."

"हो, हो, बरोबर," म्हणून निनाद मागे बसला.

पोपटराव अजून फाटकातच उभे होते. साखळी हातातून जमिनीवर उतरली होती. ते हळूच शालनताईंच्या खिडकीशी आले.

"वहिनी, एक विचारू? आमच्या टेम्पोचा दुसरा पिस्टन मिरजेचा आहे. महिनाभर अजिबात ओढत नाही."

"ओवाळलं होतं?"

"मंडळींनी ओवाळलं होतं."

शालनताई उतरल्या, आत गेल्या आणि अनारशाच्या पिठाचा डबा घेऊन आल्या. "घरी जाऊन तळून घ्या. तेहतीस, मोजून. आणि सूर्य मावळायच्या आत द्या, नाहीतर पुढचा अधिक येईपर्यंत तीन वर्षं बसाल ढकलत."

पोपटरावांनी डबा मांडीवर घेतला, टेम्पो चालू केला आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

"एवढं घरापर्यंत चला, बापू," ते म्हणाले.