जलवीराचा नकार

पाणीपुरवठा कार्यालयातले लिपिक भिकनराव 'पाणी वाचवा' मोहिमेत शाळाशाळांतून जलवीर होत. निळा झगा, डोळ्यांवर भोकं पाडलेली पट्टी. अकरा प्रयोग सुरळीत झाले. बाराव्याची संहिता मात्र त्यांनी परत केली.

"मॅडम, यात जलवीर साहेबांना 'नाही' म्हणतो," ते तृप्तीला म्हणाले. नाटुकली तीच लिहायची.

"साहेब गळकी लाइन तशीच ठेवा म्हणतात. मग तो काय करेल?"

"अर्ज करेल. अकरा प्रयोगांत त्यानं वरिष्ठांचा शब्द मोडलेला नाही. त्याच्या स्वभावातच नाही ते."

प्रकरण खऱ्या साहेबांकडे गेलं. त्यांनी चष्मा लावून संहिता दोनदा वाचली.

"जलवीर शासकीय आहे. 'होय साहेब' करा."

"सर, तो आकाशात उडतो," तृप्ती म्हणाली.

"परवानगीनं उडतो."

सायखेड्याच्या शाळेत प्रयोग लागला. साहेब पहिल्या रांगेत. अधिकाऱ्याचा कोट घातलेल्या तृप्तीने हुकूम सोडला. जलवीर "होय साहेब" म्हणाला आणि टाळ्यांसाठी थांबला. टाळ्या आल्या नाहीत. खिचडी शिजवणाऱ्या सगुणाबाई दारातून म्हणाल्या, "फाटकापाशी तीन दिस झाले पाणी वाहातंय. ह्यो बी होय साहेबच म्हणणार, तर एवढा झगा कशाला शिवला?"

भिकनरावांचे कान तापले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. ते मंचावरून उतरून फाटकाकडे निघाले.

"भिकनराव, थांबा. त्या कामाची मंजुरी यायचीय," पहिल्या रांगेतून साहेब म्हणाले.

"नाही साहेब," जलवीर म्हणाला.

अख्खी शाळा मागोमाग गेली. जलवीराने खड्ड्यातला व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी आवळला. पाणी थांबलं, टाळ्या कडाडल्या. दहा मिनिटांनी कळलं, की निम्म्या गावाचं पाणी थांबलंय. भिकनराव व्हॉल्व्ह उलटा फिरवायला गेले, तर त्याचं चाक हातात आलं.

निफाडहून दुरुस्तीची माणसं आली. लाइन बंदच होती, म्हणून त्यांनी जाता जाता गळतीही काढून टाकली. संध्याकाळी गावाला पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पत्र काढलं : 'जलवीर हे पात्र काल्पनिक असून त्याच्या कृत्यास हे कार्यालय जबाबदार नाही.' खाली लिहिलं होतं, 'प्रत : जलवीर. सात दिवसांत लेखी खुलासा करावा.'

"पोच द्या," साहेब म्हणाले.

भिकनरावांनी पेन काढलं आणि सावकाश, ठसठशीत अक्षरांत सही केली : जलवीर.

साहेबांनी ती निरखून पाहिली. मग शिक्का मारला.