वायरमन नानांची वेबसाईट

“एक बोलत न्हाई अन् दुसरा गप बसत न्हाई. ह्यांची वेबसाईट व्हायची कधी?”

शेजारच्या हौसाबाई कुंपणापलीकडून माझ्या आईला म्हणाल्या. बोलत नाही ती मी. गप बसत नाहीत ते भानूनाना, आणि त्या वेळी ते माझ्या डोक्यावर वीस-पंचवीस फूट उंचीवर होते.

“हौसा,” वरून आवाज आला, “वर समदं ऐकू येतं बरं का.”

“यावं म्हणूनच बोलले.”

मी लॅपटॉपमधून मान वर केली नाही.

भानूनाना आमचे शेजारी. जन्मभर वीज मंडळात वायरमन. पाथर्डीपासून जीपने अर्ध्या तासावरचं आमचं गाव आणि भोवतालच्या वस्त्या हा त्यांचा मुलूख. रिटायर झाले तेव्हा खात्याने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि खांबावर चढायला बंदी केली. नानांनी घड्याळ भाच्याला देऊन टाकलं. मग भंगारातून एक लोखंडी खांब विकत आणला आणि स्वतःच्या अंगणात रोवला. त्याला तार नाही, दिवा नाही. रोज सकाळी नाना कमरेला पट्टा बांधतात, गळ्यात कॅमेरा अडकवतात आणि त्यावर चढतात.

“तारेच्या खांबावर चढायची मला बंदी हाय. ह्याला कुठंय तार?” हे त्यांनी इंजिनिअरसाहेबांना, ग्रामसेवकाला, डॉक्टरांना आणि पुण्यातल्या स्वतःच्या मुलाला याच शब्दांत सांगितलेलं आहे. एकदा गणपतीत मंडळाच्या पोरांनी मांडवासाठी या खांबावर आकडा टाकला. दिवे लागले नाहीत, तेव्हा ती नानांकडेच भांडायला आली. नानांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि तासभर वीज कशी येते ते समजावलं. तेवढा वेळ मांडवात अंधार.

नाना वरून गावातल्या घरांचे फोटो काढतात. पत्र्यावर वाळत घातलेल्या शेवया, पडवीतली शेळी, मातीच्या धाब्यावर उगवलेलं गवत, कुणाच्या तरी छपरावर चार वर्षं पडून असलेली सायकल. “खालून समद्यांची घरं सारखीच. दार, उंबरा अन् कुलूप. घर बघायचं तर वरून,” हे त्यांचं ठाम मत.

कुलपाचा उल्लेख आला आहे तर सांगते. दिवाळी झाली की आमच्या आळीतली बहुतेक घरं कुलूपबंद होतात. नवरा-बायको, लेकरं, भांडीकुंडी, सगळं ट्रकमध्ये चढतं आणि ऊसतोडीला जातं. कुणी कोल्हारच्या बाजूला, कुणी कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. गुढीपाडव्यापर्यंत गावात उरतात म्हातारी माणसं, शाळेतले गुरुजी, म्हणजे माझे वडील, आणि खांबावर नाना. गेलेली माणसं तिकडून विचारत, पत्रा जाग्यावर आहे का, भिंत पडली का. नाना वरून फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत. उत्तरादाखल अंगठा येई.

“नुस्ता अंगठा,” नाना म्हणत. “मी हितं पट्टा बांधून चढतो, अन् हे अंगठा दाखवतात. फुकटच्या वस्तूला अंगठाच भेटतो. आता दुकानच टाकायचं. अकरा रुपयाला एक फोटो.”

म्हणून वेबसाईट. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत ती तयार हवी होती, म्हणजे ट्रकमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पत्ता देता येईल. गावात लॅपटॉप माझ्याकडेच. पहिलीपासून मी नगरला मावशीकडे राहून इंग्लिश मीडियममध्ये शिकले. आता घरी बसून एका कंपनीसाठी वस्तूंची वर्णनं लिहिते. काम ईमेलवर येतं आणि ईमेलवरच जातं, कुणाशी बोलावं लागत नाही. गावाने माझ्या न बोलण्याचं कारण कधीच ठरवून टाकलं आहे: इंग्लिश मीडियम. ताप आल्यासारखं म्हणतात. “तिला न्हाई का, इंग्लिश मीडियम हाय.”

फोटो विकायला तयार वेबसाईट देणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. बहुतेकांचे पहिले पंधरा दिवस फुकट असतात. मला वाटलं होतं दोन संध्याकाळींचं काम आहे.

पहिली साईट देखणी होती. काळ्या पार्श्वभूमीवर एकेक फोटो सावकाश उजळत यायचा. नानांनी हौसाबाईंचं घर तसं उजळताना पाहिलं.

“हे सुतकात असल्यावानी दिसतंय. पैसे दिल्यावर काय हुतं?”

“काहीच करावं लागत नाही, नाना. फोटो आपोआप त्यांच्या मोबाईलवर जातो.”

“आपोआप.” नानांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. “न्हाई. सुतकच हाय हे.”

दुसरी पांढरीशुभ्र होती. तिच्यात चोरी होऊ नये म्हणून फोटोवर आडवं आपलं नाव टाकायची सोय होती. मी ‘भानुदास’ असं टाकून दाखवलं. नाना चपापले.

“हौसाच्या पत्र्यावर माझं नाव? उद्या तिचा दीर तलाठ्याकडं जाईल. काढ, काढ. पैसे दिल्यावर काय हुतं हिच्यात?”

“आपोआप जातो.”

“मंग ही बी नको.”

तिसरी साईट फोटो कपावर आणि उशीवर छापून घरपोच पाठवत असे. यावर नाना आणि हौसाबाईंची कुंपणावरून चर्चा झाली.

“तुझं घर उशीवर छापून देतेत म्हनं.”

“अन् त्याच्यावर डोकं ठिवून झोपू? घर डोक्यावर घेतलं म्हनतील. नाना, माझं घर मला म्हाईत न्हाई व्हय? अकरा रुपये देऊन काय बघायचं त्यात?”

“तू गेल्यावर त्याचं काय हुतं ते तुला कुठं म्हाईतंय?”

हौसाबाई पदराने तोंड पुसून आत गेल्या. आठ दिवसांवर त्यांचा ट्रक आला होता.

एव्हाना मी मनातून चिडले होते. चौथी, पाचवी. एक मोबाईलवर पटकन उघडायची, नानांच्या भाषेत ‘लोड घेत न्हाई’ अशी. एक मराठीत. एकीत पैसे द्यायला नुसतं बोट टेकवलं की झालं. नाना सगळं नीट पाहायचे, प्रश्न विचारायचे आणि शेवटी काहीतरी खोट काढायचे. हिचा रंग बरा नाही. हिचं नाव औषधाच्या गोळीसारखं आहे. एकीबद्दल तर म्हणाले, “ही लई शहाणी हाय.” साईट जितकी चांगली तितकी त्यांची मान जोरात हलायची. मी मात्र आतल्या आत पुटपुटायची आणि पुढची उघडायची.

सहावी कुठल्याशा नवख्या कंपनीची होती. ती मी जवळजवळ सूड म्हणून उघडली. अक्षरं वेडीवाकडी, फोटो उघडायला वेळ. घरी जाऊन मी नेहमीसारखी परीक्षा म्हणून स्वतःच्या मोबाईलवरून एक फोटो विकत घेतला. पैसे गेले. फोटो आला नाही. नुसती एक ओळ आली, फोटोसाठी विक्रेत्याला फोन करा, आणि खाली नानांचा नंबर. मी नानांना मेसेज पाठवला: “फोटो आला नाही.”

भिंतीपलीकडून आवाज आला, “मेसेज नगं. फोन कर.”

“नाना, मी इथेच आहे.”

“तरी कर.”

मी केला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“बोला. काय बिघडलं?” आवाज नानांचाच होता, पण खणखणीत, ड्युटीवरचा. “कधीपासनं न्हाई? शेजाऱ्यांचा आलाय का? बरं. घाबरू नका, मी बघतो. तुमी कुठून बोलता? तिकडं थंडी पडली का? लेकरं बरी हायेत? तोड चालू झाली का? जेवल्या का?”

मी भिंतीला टेकून उभी होते. शेवटी म्हणाले, “जेवले.”

“झ्याक. फोटो पाठवतो. ठिवू?”

मी त्यांच्या अंगणात गेले तेव्हा ते खाटेवर बसले होते. मोबाईल अजून हातातच होता.

“हीच घ्यायची,” ते म्हणाले.

“नाना, ही बिघडलेली आहे. प्रत्येक माणूस पैसे देईल आणि त्याला फोटो मिळणार नाही. प्रत्येक जण तुम्हाला फोन करेल.”

“मंग?”

“मग काय? वैताग येईल.”

नाना माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मला साधा फ्यूज ओळखता येत नाही.

“पोरी, लाईट असताना वायरमनला फोन केलेला माणूस तू कधी बघितलाय का?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“मी बी न्हाई. सदतीस वर्षं नोकरी केली. समद्या डीपींच्या पेट्यांवर माझा नंबर रंगवलेला हुता. कुनाच्या लग्नात दिवा गेला, कुनाची मोटार बंद, कुनाची म्हातारी अंधारात पडली. शिव्या देत फोन करायचे. शिव्या झाल्या की मंग घरचं सांगायचे. मला समद्यांच्या घरचं म्हाईत हुतं. रिटायर झालो, नव्या पोरानं त्याचा नंबर रंगवला. बरुबर हाय त्याचं. पयल्या वर्षी लोक चुकून मलाच लावायचे, मी त्याचा नंबर द्यायचो. दुसऱ्या वर्षी वादळ झालं, तारा तुटल्या, दोन दिवस गाव अंधारात. मला एक फोन न्हाई. मी मोबाईल दुकानात नेऊन दाखवला, म्हनलं बघ रं, बिघडलाय का.”

“मग?”

“चांगला हुता.”

ते उठले आणि खांबाजवळ जाऊन पट्टा बांधायला लागले. दुपारची वेळ, चढायची नव्हे. तरी चढले. ते वर असेपर्यंत मी खाली बसून सहाव्या साईटवर फोटो चढवत राहिले. हौसाबाईंचं घर, त्यांच्या दिराचं, कोपऱ्यावरचं, विहिरीजवळचं. वरून प्रत्येक घर खरंच वेगळं दिसत होतं.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी नाना कागदाच्या चिठ्ठ्या वाटत होते. त्यांवर साईटचा पत्ता मी लिहून दिला होता. हौसाबाईंनी चिठ्ठी पिशवीत टाकताना पुन्हा बजावलं, “फोटो न्हाई आला तर तुमाला सोडायची न्हाई, नाना. कर्नाटकातनं शिव्या दीन.”

“दे,” नाना म्हणाले. “रोज दे.”

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. नानांनी ऐकलं, “इंग्लिश हाय” म्हणाले आणि तो माझ्यापुढे धरला. मी घेत नाही हे पाहून हातात कोंबला.

कंपनीतला एक तरुण होता, फार सभ्य. इंग्लिशमध्ये बोलत होता, पण त्या इंग्लिशखाली मराठी स्पष्ट ऐकू येत होतं. परवाची एक ऑर्डर अडकल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं. घडलेल्या त्रासाबद्दल त्याने माफी मागितली. चूक सापडली आहे, पाच मिनिटांत दुरुस्त होईल, मग फोटो आपोआप जातील आणि विक्रेत्याला कुणाचाही फोन येणार नाही, याची तो खात्री देत होता. फक्त आमचं ‘हो’ हवं होतं.

हौसाबाई कुंपणाशी थांबल्या होत्या. आई दारात आली होती. नाना चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेऊन जमिनीकडे पाहत होते. ‘थँक यू सो मच, प्लीज गो अहेड’ ही दोन वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. अशी वाक्यं मला शाळेनेच शिकवली आहेत आणि ती आपोआप निघतात.

“नाही,” मी म्हणाले. मराठीत, आणि आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “त्याला हात लावायचा नाही. लोक फोन करतील.”